फाउंड्रीतील पाच एस, फुगलेले गुण आणि दंडाचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाच एस म्हणजे वर्गवारी, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त या पाच पायऱ्यांनी कामाची जागा नीट ठेवण्याची जपानी पद्धत. तिच्या ऑडिटवरील माझ्या लेखाखाली आपण 'गोकुळ शिरगावातील एक सुपरवायझर' अशी सही करून सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : ऑडिटच्या आदल्या दिवशी झाडलोट होते, गुण नव्वदच्या घरात पडतात आणि दोन दिवसांत सारे पूर्ववत होते, फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, वाळू आणि काजळी असणारच, त्यामुळे मोटारींच्या जपानी कारखान्यांतली ही पद्धत इथे शोभेपुरतीच राहते, आणि उत्पादनाचा आकडा गाठण्याच्या धावपळीत कोणालाच वेळ नसल्याने कमी गुणांच्या विभागाला दंड लावणे हाच एक उपाय उरतो. यांपैकी पहिले निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे, दुसऱ्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही आणि दंडाला तर माझा स्पष्ट विरोध आहे.

गुण फुगतात याचे मुख्य कारण प्रश्नपत्रिकेत आहे. 'जागा स्वच्छ आहे का?' असे विचारून त्यापुढे 1 ते 5 गुणांची चौकट ठेवली, की तपासणारा आपला स्वभाव आणि ओळखपाळख पाहून 4 गुण देतो, कारण 3 दिले तर पुढच्या महिन्यात तोच विभाग त्याच्याकडे तपासायला येणार असतो. त्याऐवजी मशीन शॉपमधल्या ऑपरेटरला 'एम 20 चा थ्रेड प्लग गेज (आट्यांचे माप तपासण्याचे साधन) आणून दाखवा' असे सांगावे, तो 30 सेकंदांत हाती येतो का ते पाहावे आणि त्याच्यावरील कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या तपासणीची) मुदत टिकून आहे का ते वाचावे. रिजेक्ट कास्टिंगच्या (नाकारलेल्या ओतीव नगांच्या) लाल पेटीतला कोणताही एक नग उचलून 'हा का नाकारला?' असे विचारावे आणि त्याची नोंद कुठे आहे ते पाहावे. अशा प्रश्नांना होय किंवा नाही एवढीच उत्तरे असतात आणि आदल्या रात्री कितीही झाडले तरी ती बदलत नाहीत. शिवाय ऑडिटच्या पहिल्या पानावर मागच्या वेळच्या त्रुटी असाव्यात : कोणती मिटली, कोणती राहिली, कोणाकडे अडली. माझ्या मते ऑडिटचा खरा आकडा हाच आहे. एकूण गुण फलकावर लावले नाहीत तरी काही बिघडत नाही.

आता वाळूविषयी. फाउंड्रीत वाळू असणारच हे खरे, पण ती कुठे असावी आणि कुठे नसावी हे ठरवता येते. सँड प्लांटच्या कन्व्हेयरखाली रोज वाळूचा ढीग साठतो, सफाई कामगार रोज तो उचलतो आणि ऑडिटच्या दिवशी तिथली जमीन स्वच्छ दिसल्याने विभागाला गुण मिळतात. बेल्टच्या कडेचे स्कर्ट रबर झिजले आहे, म्हणून वाळू सांडते, ही गोष्ट मात्र कोणाच्याच कागदावर येत नाही. तिसऱ्या एसमधली स्वच्छता मुळात दोष दिसावा म्हणून करायची असते. आपल्याकडे खंडेनवमीला प्रत्येक जण आपले यंत्र स्वतः पुसतो आणि त्या दिवशी कुठे तेल गळते, कोणता बोल्ट सैल झाला आहे, हे त्याला नेमके दिसते. पूजा झाल्यावर त्याची यादी मेंटेनन्सकडे जात नाही, एवढीच काय ती उणीव.

दुसऱ्या कारखान्याची प्रश्नपत्रिका जशीच्या तशी उचलण्याचा धोकाही फाउंड्रीत सर्वांत मोठा आहे. 'जमीन धुऊन स्वच्छ ठेवली आहे का?' हा प्रश्न असेंब्लीच्या दालनात योग्य असेल, पण भट्टी आणि ओतकामाच्या पट्ट्यात तो जिवावर बेतू शकतो, कारण वितळलेल्या धातूखाली पाणी अडकले की क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. तिथे तपासायचे ते उलटे : भट्टीपुढचा खड्डा कोरडा आहे का, लॅडल (वितळलेला धातू नेण्याचे भांडे) तापवून घेतली आहे का. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतीव नग घासून साफ करतात त्या विभागात, कोरड्या झाडूने सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे तिथे व्हॅक्यूमने धूळ ओढली जाते की झाडूने उडवली जाते, हा प्रश्न जमीन चकचकीत आहे की नाही यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोल कणांच्या रूपात असते) या दोन प्रकारच्या ओतीव लोखंडांचे रनर-रायझर, म्हणजे नगापासून तोडलेले जादा तुकडे, वेगवेगळ्या पेट्यांत पडतात का, हेही पाहावे. ग्रे आयर्नमधले गंधक एसजीच्या चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) गेले की मॅग्नेशियम जास्त लागते आणि कुठे गणित चुकले की ग्राफाइटचे गोल नीट बनत नाहीत. 'पहिला एस म्हणजे वर्गवारी' हे भिंतीवर रंगवण्यापेक्षा या दोन पेट्या वेगळ्या ठेवणे, ही फाउंड्रीतली खरी वर्गवारी आहे.

न लागणाऱ्या पॅटर्नमुळे (साचा बनवण्याच्या नमुन्यांमुळे) पॅटर्न स्टोअर मोकळे होत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. वर्षानुवर्षे न लागलेल्या पॅटर्नला लाल टॅग (नको असलेल्या वस्तूची खूण) लावता येतो, पण तो ग्राहकाच्या मालकीचा असल्याने टाकून देता येत नाही. अशा पॅटर्नची छायाचित्रासह यादी करून ग्राहकाला लेखी विचारावे आणि ऑडिटमध्ये 'रॅक मोकळे आहे का' याऐवजी 'पत्र गेले का, उत्तर आले का' हे तपासावे.

वेळेबाबत सांगायचे तर महिन्यातून एकदा फाइल घेऊन निघालेल्या मोठ्या लवाजम्यापेक्षा अचानक केलेली, एकाच जागेपुरती छोटी फेरी अधिक काही दाखवते, विशेषतः रात्रपाळीत आणि पाळी बदलताना. आपला कारखाना वाहन उद्योगाला माल देत असेल तर आयएटीएफ 16949 हे त्या उद्योगाचे गुणवत्ता मानक आपल्या परिचयाचे असेलच. उत्पादन प्रक्रियेचे ऑडिट सर्व पाळ्यांमध्ये व्हावे आणि त्यात पाळी बदलण्याच्या वेळेचाही नमुना असावा, अशी त्या मानकाची अपेक्षा आहे. पाच एसला वेगळा मुहूर्त न शोधता त्याच फेरीत ते बसवता येते. तपासणारा मात्र पुढच्या प्रक्रियेतला असावा. फेटलिंगची तपासणी मशीन शॉपने केली, तर मिसळलेल्या नगांचा त्रास त्यालाच भोगावा लागत असल्याने तो भिडेखातर 4 गुण देणार नाही.

दंडाचे म्हणाल, तर तो लागू झाल्याच्या दिवसापासून त्रुटी लपवण्याची कला वाढते. वर सांगितलेले स्कर्ट रबर मोल्डिंगच्या कामगाराच्या अधिकारात नाही. त्याची खरेदी मंजूर करणारी व्यक्ती ऑडिटच्या फेरीत कधीच नसते आणि दंड मात्र खाली लागतो. कचरा रोज काढणे ही काही कामगाराची हौस नव्हे, 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 11 मध्येच ते बंधन कारखान्यावर घातले होते. म्हणजे झाडण्यासाठी लागणारा वेळ उत्पादनाच्या आकड्यातून वजा करूनच पाळीचे उद्दिष्ट ठरले पाहिजे. फेटलिंगचे काम ठेकेदाराकडे नगावर दिलेले असेल, तर हा वेळ त्याच्या दरात धरला आहे का, हे आधी तपासा. तो धरलेला नसेल, तर तिथे ऑडिट करून केवळ कटुता वाढेल.

आपल्याकडे नव्याने सुरुवात करायची असेल तर ती भंगाराच्या आवारापासून, तीही मे महिन्यात करावी, असे मी सुचवेन. आपल्या भागातला पाऊस एकदा लागला की उघड्यावरचे भंगार ओलेच राहते, आणि ओला तुकडा किंवा बंद तोंडाचा पाइप भट्टीतल्या रसात पडला तर काय होते, हे आपल्याला मी सांगायला नको. प्रश्न तीनच ठेवा : भंगार छपराखाली आहे का, बंद पोकळ तुकडे वेगळे काढले आहेत का, आणि चार्ज भरणाऱ्याला संशयास्पद तुकडा बाजूला ठेवायला ठरलेली जागा आहे का. पहिल्या फेरीला शेडचा खर्च मंजूर करणाऱ्या साहेबांना सोबत घ्या आणि त्रुटींच्या यादीत त्यांच्या नावापुढे तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.