आईसमोर 'दोन्ही एकच की' म्हणू नका

भावांनो, खाण्यात प्रोटीन, कार्ब्स, फॅट असे गट असतात असं जिमवाल्यानं सांगितलं असेल तर ते जिममध्येच ठेवून या. कोल्हापुरात घरी दोनच गट, घरचं आणि अरबट-चरबट, आणि कुठला पदार्थ कुठं बसणार हे पदार्थावर नसतंय, तो आईनं सुचवला का तुम्ही, त्यावर असतंय.

म्हणजे बघा, तुम्ही मिसळ खायला गेला की कट म्हणजे नुसतं तेल, पोटाची वाट, ॲसिडिटी. तेच रविवारी घरच्या तांबड्या रश्श्यावर बोटभर तेल आलं की "तवंग बघ कसा झकास आलाय". हे तेल वेगळं असतं, का वेगळं ते विचारायचं नाही. "तिखट कुठाय, नुसता चटणीचा रंग हाय" हेपण मान्य करायचं, डोळे पुसत पुसत. सर्दी झाली की रात्रीचं दही बंद, केळ बंद, पेरूचं तर नावच काढू नका, पण पांढरा रस्सा दोन वाट्या जास्त प्यायचा कारण मटण हे औषध आहे (लहानपणी अळणीपासून, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्यापासून, डोस चालू झालेला असतोय). सोमवारी मात्र ह्याच औषधाला घरात जागा नाही. शनिवारी पण नाही. गुरुवारचं तुमच्या घरातल्या देवावर.

साखर विष, चहात चिमूटभर जास्त पडली तरी घराण्यातले सगळे शुगरवाले नावानिशी बाहेर निघतात. गूळ मात्र गोडात धरायचा नसतो. चपातीवर तूप-गूळ, भाकरीबरोबर काकवी, ह्यानं म्हणे रक्त वाढतं. कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) २०१४ साली मिळाला, आमच्या स्वयंपाकघरात त्याच्या आधीपासूनच त्याचा नंबर औषधाच्या डब्याशेजारी.

शिळं खाऊ नये हेपण लक्षात ठेवा. कालच्या चपातीचा कुस्करा शिळा नसतोय, तो नाष्टा. कालचा पिझ्झा शिळा.

आता एखादी गोष्ट खायचीच असेल तर मागू नका, मागितली की ती बाधते. नुसतं म्हणा, "शेजारच्या काकूंचा झुणका लय भारी झालता." दुसऱ्या दिवशी ताटात झुणका. पहिल्या घासाला मान हलवा, दुसऱ्याला "काकूंचा जरा कोरडाच होता" म्हणा, आणि हे काकूंच्या कानावर जाणार हे धरूनच चला.