काकाजी, पिलाच्या गळ्याबद्दल थोडं सविस्तर

काकाजी, नमस्कार.

कुत्र्यांच्या शोसाठी वाढवायच्या कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याच्या पिलाला पट्टा कोणता घ्यावा आणि दोरीवर चालायला कसं शिकवावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "ताई, कुत्र्याच्या पिलाले पाच पट्टे, रेशमी दोरी आन् वरून कलेजी! इकडे शेतकऱ्याच्या पोट्ट्याले पायात चप्पल नाई. आमी शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) गोऱ्हे तयार करतो, आमाले जनावर शिकवू नका. कुत्रं साखळीले बांधलं का दोन दिवसांत गुमान होते. आन् शो मंदी सगळ्यायच्या हातात चोकचेनच रायते, मंग तिले नावं काहून ठेवता? माझ्या मोत्याच्या गयाचे केस साखळीनं गेले, पन तो काई मेला नाई."

दोन दिवस हे मनात घोळत होतं. तुम्ही रागावून लिहिलंत, पण प्रश्न नेमके विचारलेत.

पाच पट्ट्यांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लेखात पाच पट्ट्यांचे फोटो टाकले, ते फरक दिसावा म्हणून. पण वाचणाऱ्याला पाचही विकत घ्यायचे आहेत असं वाटलं असेल, तर ती चूक माझी, आणि मी लेखात तशी दुरुस्ती करते आहे. दोन पट्टे पुरतात. पिलू दोन महिन्यांचं असताना अर्धा इंच रुंदीचा, हलका, मऊ, बक्कल सरकवता येणारा कापडी पट्टा घ्यायचा. मोठेपणी रुंद मार्टिंगेल, म्हणजे दोन फेऱ्यांचा पट्टा लागतो, त्याचं खाली सांगते. तो मी घरीच शिवला, खाटेच्या निवारीतून. लोखंडी कड्या तेवढ्या तालुक्याच्या गावातून आणल्या. रेशमी दोरी म्हणजे रिंगमध्ये धरायची बारीक शो-लीड, ती शोच्या दिवसापुरती. रोजच्या सरावाला सुती दोरी छान चालते, आपली अंबाडीची चालते. बारीक नायलॉनची मात्र नको, ती पिलाच्या गळ्याला काचते आणि आपल्या तळहातालाही.

आता चोकचेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळत जाणारी साखळी. तुम्ही म्हणता तसं रिंगमध्ये ती बऱ्याच जणांच्या हातात दिसते. पण काकाजी, पुढच्या वेळी ती कुठे असते आणि कशी असते, एवढं बघा. बारीक साखळी कानांच्या मागे, जबड्याखाली, अगदी वर बसवलेली असते. कुत्रा चालवणाऱ्या हँडलरने ती दोन बोटांत धरलेली असते आणि कुत्रा चालत असताना ती बहुतेक वेळ ढिली असते. गळ्यात असते ती तेवढी चार-पाच मिनिटं. तो कुत्रा चालायला आधीच शिकलेला आहे. साखळीने त्याला शिकवलेलं नाही, ती नुसती गळ्यात आहे. गावाकडे मी जे पाहते ते वेगळं. तीन महिन्यांच्या पिलाच्या गळ्यात चोकचेन घालतात, ते ओढतं, साखळी आवळते, पिलाला ठसका लागतो, तरी ते ओढतच राहतं. त्या वयात श्वासनळीच्या कड्या कोवळ्या असतात. गळ्यावर जोर आला की डोळ्यांच्या आतला दाबही वाढतो, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलेलं आहे. छातीच्या पट्ट्यावर तेवढाच जोर आला तर तो तसा वाढत नाही. शिवाय चोकचेन उलटी घातली तर ओढ सैल केली तरी ती सुटत नाही, आवळलेलीच राहते. उलटी घातलेली मी कितीतरी गळ्यांत पाहिली आहे.

मी हे एवढं ठासून लिहिते, कारण माझ्याच हातून झालं आहे. माझी पहिली कारवान कुत्री राणी. चार महिन्यांची असताना एका दुकानदाराने मला सांगितलं की या जातीला चोकचेनशिवाय वळण लागत नाही. मी ती घेतली. राणी आठ दिवसांत "गुमान" झाली, अगदी तुमच्या शब्दांसारखी. ओढणं बंद. मला वाटलं, शिकली. नागपूरला शोला नेली तेव्हा कळलं की ती चालायला शिकलीच नव्हती, दोरी दिसली की विझायला शिकली होती. शेपूट पोटाखाली, पाठ कमानीसारखी, पावलं आखडून. एरवी वावरात धावताना तिच्याकडे बघत राहावं अशी ती, आणि रिंगमध्ये परीक्षकांना दाखवायला माझ्याकडे तिची चालच नव्हती. घरी परतताना रस्त्यात चहाला थांबलो, तेव्हा साखळी काढून साधा पट्टा घातला, तिला बरं वाटावं म्हणून. ट्रकचा हॉर्न वाजला, तिने मान मागे घेतली आणि पट्टा डोक्यावरून सुटला. रात्रभर आम्ही तुरीच्या वावरांतून हाका मारत फिरलो. पहाटे एका धुऱ्यावर सापडली. नंतर अकरा वर्षं जगली, पण डांबरी रस्त्याच्या कडेने ती कधीच चालली नाही.

म्हणून मार्टिंगेल. कारवान, मुधोळ, राजपालयम, अशा सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं, मान लांब आणि डोक्याच्या मानाने जाड. लॅब्राडोरला बसणारा सरळ पट्टा यांच्या डोक्यावरून सहज निघतो. घट्ट केला तर काचतो, सैल ठेवला तर सुटतो. मार्टिंगेलला दोन फेरे असतात. मोठा फेरा मानेभोवती, छोट्याला दोरी. ओढ आली की छोटा फेरा मोठ्याला आवळतो, पण दोन कड्या एकमेकींना भिडल्या की आवळणं थांबतं. कड्या भिडतात तेव्हा पट्ट्याचा घेर कानांमागच्या मानेएवढाच राहील असा तो बसवायचा. मग डोक्यावरून निघत नाही आणि गळाही दाबत नाही. दीड-दोन इंच रुंद असला म्हणजे जोर एका रेघेवर न येता पसरतो. या जातीच्या कातडीखाली चरबी नावालाच असते, केस आखूड, त्यामुळे ही रुंदी फार कामाची. एक सांभाळायचं: मार्टिंगेल फक्त हातात दोरी असताना. मोकळं सोडताना काढून ठेवायचा. पऱ्हाटीच्या खुंटात किंवा कुंपणाच्या तारेत कडी अडकली तर कुत्रा ओढेल तसा पट्टा आवळेल आणि तो तिथेच अडकून बसेल.

लांब दोरीवर सोडायचं असेल तर ती गळ्याला बांधूच नका, छातीच्या पट्ट्याला बांधा. पांदणीतून चालताना ससा उठला की कारवान विचार करत नाही. पंधरा हातांची दोरी संपते तेव्हा तो पूर्ण वेगात असतो, आणि तो सगळा हिसका मानेच्या मणक्यांवर येतो.

आता गोऱ्ह्यांकडे येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच. माझ्या वडिलांकडे बैल होते. मी लहानपणी तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेला आहे. नवा गोऱ्हा तुम्ही पहिल्याच दिवशी पटावर नेता का? आधी मोरकी घालता. ती अंगवळणी पडू देता. मग कासरा. मग शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपता, मोकळं जू, मागे ओझं नाही. दाब दिला, त्याने एक पाऊल टाकलं की कासरा सैल. तो सैल करण्याचा क्षण चुकला तर गोऱ्हा अडेल होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. आणि शर्यतींवर 2014 साली बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने त्या अटींवर पुन्हा सुरू करू दिल्या, 2023 च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्या अटींत मारझोड नाही, आर टोचणं नाही. तरी बैल धावतातच ना? काकाजी, मी पिलासाठी जे लिहिलं ते तुमच्याच गोठ्यातलं आहे. तुम्ही गोऱ्ह्याला जेवढे दिवस देता, तेवढे पिलाला द्या, एवढंच मागणं आहे.

ते दिवस असे जातात. पहिले तीन-चार दिवस नुसता पट्टा, तोही जेवणाच्या वेळी. पिलू मागच्या पायाने खाजवतं, गडाबडा लोळतं. ते खाजवत असताना पट्टा काढायचा नाही, नाहीतर खाजवलं की सुटका होते हे त्याला लगेच कळतं. खाण्यात गुंतलं, शांत झालं की काढायचा. मग हातभर हलकी दोरी लावून अंगणात फिरू द्यायचं, आपण समोर बसून. कडी छोटी असावी. गुरांच्या दाव्याची जड कडी लावली तर ती चालताना हनुवटीवर आपटते आणि पिलू मान खाली घालून चालायला लागतं. पुढे दोरीचं टोक हातात, पण चालायचं पिलाच्या मागे, ते नेईल तिकडे. त्यानंतर आपण बोलवायचं. दोरी किंचित ताणली, थांबलो, पिलाने एक पाऊल आपल्याकडे टाकलं की दोरी सैल आणि तोंडात कलेजीचा तुकडा. कलेजी नको तर उकडलेलं अंडं द्या, भाकरीचा कुटका द्या, त्याला जे प्रिय ते. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. ते कंटाळायच्या आत थांबायचं.

शोच्या पिलाच्या दोन गोष्टी वेगळ्या. पहिली ही की त्याला "बस" आधी शिकवू नका. आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं, कुत्रं शहाणं म्हणजे सांगितल्यावर बसणारं. पण रिंगमध्ये परीक्षक दात बघतात, खांदा चाचपतात, तेव्हा ते उभंच राहायला हवं. थांबलं की बसायची सवय लागलेलं पिलू प्रत्येक थांब्यावर बसतं. आधी "उभा". दुसरी गोष्ट, ते डाव्या हाताला चालवा. रिंगमध्ये फेरा घड्याळाच्या उलट्या दिशेने असतो, परीक्षक मध्ये उभे असतात, त्यांना कुत्रा दिसायला हवा, हँडलरचे पाय नाहीत. आणि बक्षिसाचा तुकडा जमिनीवर टाकू नका. जमिनीवर सापडतं हे एकदा कळलं की ते रिंगभर नाक खाली घालून हुंगत फिरतं. चार महिन्यांच्या आसपास दात बदलायला लागतात, हिरड्या दुखतात. त्या दिवसांत दोरीची ओढाओढ नको आणि दात दाखवण्याचा सरावही हलक्या हाताने.

हे सगळं अंगणात. गावात खाली सोडून फिरवायचं ते लसी पूर्ण झाल्यावरच. पार्वो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि आपल्या गावांत लस न मिळालेली कुत्री सगळीकडे फिरतात. तोवर त्याला कडेवर घेऊन आठवडी बाजार दाखवा, एस.टी. स्टँडवर उभे राहा, भोंगा, बँड, गर्दी कानावर पडू द्या. आणि उन्हाळ्यात सराव पहाटे. हवा 45 वर गेली की डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

पोट्ट्याच्या पायातल्या चपलेचं तुम्ही लिहिलंत, त्यावर मी वाद घालणार नाही. मीही कापसाच्या भावावर घर चालवते. पण रात्री जागलीला तुमच्यासोबत वावरात कोण बसतं, रानडुकरांची चाहूल आधी कोणाला लागते, ते तुम्हाला माहीत आहे. निवारीचा एक पट्टा त्याच्यासाठी शिवला तर घरातलं कोणाचं काही कमी होत नाही.

आता मोत्या. खरं सांगते, उत्तर लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. गळ्याचे केस गेलेत म्हणजे साखळी रोज त्याच जागी घासते आहे. आज सकाळच्या उजेडात साखळी काढा आणि केस बाजूला करून गळ्याची पूर्ण गोलाई बोटांनी चाचपा, खालूनही. कातडी नुसती काळी, जाड झाली असेल तर साखळी बंद केल्यावर बरी होईल. ओल लागली, वास आला किंवा कातडीवर चीर दिसली तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हळद-तेल लावून वाट बघू नका. हे पावसाचे दिवस आहेत, माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. पट्ट्याखाली गोचिडं लपतात, तीही बघा. बांधायचंच असेल तर रुंद पट्ट्याला लांब दोरी, सावलीत, पाणी पोहोचेल अशी, आणि सकाळ-संध्याकाळ मोकळं फिरवणं. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. तुम्हाला धाक घालायला हे सांगत नाही. तुमच्या गावात अशी आणखी कुत्री असतील, तिथे तुमचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालेल.

मोत्याच्या मानेचा घेर दोरीने मोजून इथेच लिहा, जिथे मान सगळ्यात जाड आहे तिथला. माझ्याकडे निवार उरलेली आहे. दोन बोटांची जागा धरून पट्टा शिवून ठेवते, पुढच्या बाजाराला आर्वीत आलात की घेऊन जा.