सुट्टीतले अडीच तास

आज दुपारी फॅमिली ग्रुपवर आमच्या दापोलीजवळच्या कर्द्याच्या ट्रिपचे फोटो पुन्हा वर आले. आधी वाळूत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ. त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग, "ट्रिपचा हायलाइट", "असा किस्सा परत होणे नाही" वगैरे. आणि त्याच्या बरोबर खाली माझा एक फोटो. कपाळावर टॉर्च, मातीनं भरलेले शूज, घामानं चिंब टीशर्ट. वर लिहिलंय, "वहिनींची मात्र अर्धी ट्रिप मॅरेथॉनमध्येच गेली." त्याला धडाधड अंगठे. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा.

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. तिथं लिहिलं की "वहिनी चिडल्या" एवढंच उरतं आणि विषय संपतो. म्हणून इथं लिहितेय. इथं निदान तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, पहाटे उठून पळायला शूज बांधणारे.

अर्धी ट्रिप! रविवारी पहाटे साडेपाचला पळायला निघाले आणि आठच्या सुमारास होमस्टेच्या अंगणात परत होते. त्या वेळात माझी लेक सोडली तर आमच्यातलं एकही पोर उठलेलं नव्हतं. पुरुषमंडळी रात्री दोनपर्यंत पडवीत पत्ते खेळत बसलेली, ती तर, लेकीपायी उठलेला माझा नवरा सोडला तर, साडेनऊपर्यंत हलली नाहीत. मग मी कुणाचा वेळ घेतला? झोपलेल्या माणसांचा?

आता गाडीचं ऐका. शनिवारी ओहोटीच्या वेळी भावोजींनी गाडी वाळूत घातली. होमस्टेवाल्या काकांनी बजावून सांगितलं होतं, वाळू वरून कडक दिसते पण खाली पाणी असतं, एकदा चाक बसलं की निघत नाही. ऐकतंय कोण! रील काढायचं होतं. चाकं बसली, भरती लागली, पाणी टायरपर्यंत यायला लागलं, तशी धावाधाव. गावातून ट्रॅक्टर आणला, दोर तुटला, दुसरा आणला. दुपार गेली. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. सासूबाईंनी त्या गणपतीसाठी घेतलेला नारळ पिशवीत तसाच. ट्रॅक्टरचे पैसे सगळ्यांच्या कॉन्ट्रीतून गेले. आणि याच किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रात्री येऊन वाळूत खड्डा करून जातात, त्या वाळूवरून गाड्या पळवायच्या. यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज तो विषय नाही.

तर गाडी म्हणजे हायलाइट. आणि माझं पळणं म्हणजे ट्रिप वाया.

मला हे खरंच कळत नाही. कळत नाही म्हणण्यापेक्षा चांगलंच कळतं, म्हणून जास्त लागतं.

जे पळत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मी हट्टानं सुट्टीत पळाले नाही. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आहे. शर्यतीच्या तीन आठवडे आधीचा लांब पल्ला हा सगळ्या तयारीतला मोठा पल्ला असतो, त्यानंतर हळूहळू अंतर कमी करत आणायचं. तो चुकला की चुकला, पुढच्या आठवड्यात दुप्पट पळून भरून निघत नाही. आणि तो रविवार नेमका नाताळच्या सुट्टीत आला. तारखा मी ठरवल्या नव्हत्या. कुणाला कुठली सुट्टी सोयीची हे आठवडाभर ग्रुपवर चाललं होतं, तेव्हा माझा पल्ला कधी आहे हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलंही होतं. त्यावर "अगं तिथं बीचवर पळ की, किती मस्त" असं उत्तर आलं.

बीचवर पळ! किनारा समुद्राकडे उतरता असतो. एक पाय सतत खाली, एक वर. चार-पाच किलोमीटर ठीक आहे, एकवीस पळाल तर कंबर आणि गुडघा दोन्ही धरून बसाल. कोरड्या वाळूत तर पोटऱ्यांचा जीव जातो. म्हणून रस्ता.

आणि तो रस्ता काय होता म्हणून सांगू! कर्द्यातून मुरुड, सालदुरे, पाळंदे, हर्णै. घड्याळात साडेदहा किलोमीटर झाले की जिथं असेन तिथून माघारी, एवढाच हिशोब. निघाले तेव्हा मिट्ट काळोख. टॉर्चच्या उजेडात चिऱ्याचे गडगे, त्यांच्यावर चढलेल्या वेली, मधूनच एखादा कुत्रा भुंकत यायचा आणि थांबलं की गप्प व्हायचा. डावीकडे समुद्र दिसत नव्हता, नुसता आवाज. मुरुडात एका आगरात पंप चालू होता, पोफळीच्या आळ्यात पाणी सोडलेलं, त्या ओल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. कोकणात सूर्य डोंगराच्या मागून वर येतो, त्यामुळे उजाडलं तरी ऊन लवकर अंगावर येत नाही. हर्णैला पोचले तेव्हा समोर सुवर्णदुर्ग पाण्यात काळा उभा, बंदरावर बर्फाचे टेम्पो, पाट्या घेऊन बसलेल्या बायका. एकीनं मला वाट द्यायला पाटी पायानं बाजूला ओढली. "दमानं जा गं बाय," म्हणाली. त्या बायका माझ्याही आधी कधीच्या उठलेल्या होत्या, आणि "कशाला पळतेस" असं त्यातल्या एकीनंही विचारलं नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना एक सांगायचंय. आपल्याकडे कोरड्या हवेत घाम अंगावरून उडून जातो, अंग निवतं. किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की घाम उडत नाही, नुसता निथळतो. अंग तापत जातं, नाडी चढते, रोजचाच वेग जड व्हायला लागतो. मुंबईत पुण्याची माणसं शेवटच्या पाच किलोमीटरला का ढेपाळतात त्याचं हे एक कारण आहे. तेव्हा शर्यतीआधी एक लांब पल्ला दमट हवेत होणं ही माझ्या तयारीसाठी सोन्यासारखी गोष्ट होती. मी आनंदात होते. खूप दिवसांनी इतकी आनंदात होते.

आणि सतराव्या किलोमीटरला फोन वाजला. नवऱ्याचा. मला वाटलं काळजीनं केला असेल, मी त्याला लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवलं होतं. थांबले, घड्याळ बंद केलं, फोन उचलला.

"अगं, पेस्ट कुठे ठेवलीस?"

लेक उठली होती, तिला दात घासायचे होते, आणि पेस्ट सापडत नव्हती. निळ्या पिशवीत, पुढच्या कप्प्यात. तिथंच होती. फोन ठेवल्यावर मी जरा वेळ तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिले. रागानं नाही, तेव्हा राग आला नव्हता. राग आज आलाय, तो अंगठा बघून.

कारण आता नीट दिसतंय की माझ्या पळण्यानं अडलं काय होतं. स्वयंपाक अडला नव्हता. होमस्टेच्या काकू पहाटेपासून चुलीपुढे होत्या, घावणे त्या करणार होत्या, चटणी त्यांची, चहा त्यांचा. मुलं आजारी नव्हती. अडली होती पेस्ट. चार्जर, टॉवेल, आजोबांच्या गोळ्या, सनस्क्रीन, कुणाचा ओला स्विमसूट कुठे वाळत घातलाय, हे सगळं माझ्या डोक्यात ठेवलेलं असतं आणि ते डोकं अडीच तास जागेवर नव्हतं. त्याला आमच्याकडे "फॅमिली टाइम" म्हणतात.

हो, काळोखात अनोळखी रस्त्यावर एकट्या बाईनं पळणं जोखमीचं असतं, मान्य. पण ज्यांना ही काळजी वाटते त्यांच्यापैकी एकानंही सोबत येतो म्हटलं नाही, स्कूटर घेऊनसुद्धा नाही. आणि हो, आदल्या रात्री मी पत्ते सोडून साडेनऊला झोपायला गेले, जेवताना सुरमई बाजूला सारून वरणभात खाल्ला. "कोकणात येऊन वरणभात?" हे त्या रात्री इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी मी ताट घेऊन काकूंच्या ओटीवर जाऊन बसले.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. जेवणं झाल्यावर मोठे काका मुलांना घेऊन बसले आणि त्यांनी कर्व्यांची गोष्ट सांगितली. शेजारचं मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. सतरा-अठरा वर्षांचा धोंडो परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला, शंभर मैलांहून जास्त, भर पावसात, सह्याद्री ओलांडून. आणि तिथं पोचल्यावर अधिकाऱ्यांनी त्याला वयानं लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं. काकांनी इतकं सुंदर सांगितलं की मलाही भरून आलं. "बघा पोरांनो, जिद्द याला म्हणतात," म्हणाले. आणि त्याच माणसानं बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, १९१६ साली विद्यापीठ काढलं, १९५८ ला भारतरत्न, हेही सांगितलं.

बारा तासांत तेच काका घावणा मोडत मला म्हणतात, "एवढं काय ते पळायचं? बायकांच्या सांध्यांना झेपत नाही ते."

काका, हे "झेपत नाही" फार जुनं आहे हो. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर पळाल्या आणि त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यतच काढून टाकली. परत यायला १९६० साल उजाडलं. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ ला, लॉस एंजेलिसला. माझा जन्म त्याच्या आधीचा आहे, म्हणजे ही काही पणजीच्या काळातली गोष्ट नाही. आपल्या माणची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली तेव्हा याच ग्रुपवर "माणदेशी एक्सप्रेस" म्हणून दिवसभर कौतुक चाललं होतं. दुसऱ्याच्या घरची बाई पळाली की जिद्द. आपल्या घरची पळाली की अर्धी ट्रिप.

नाश्त्याच्या वेळी नणंद म्हणाली, "रविवारी सकाळी तरी आंजर्ल्याला जाता आलं असतं, पण ही पळायला गेली." मी त्या वेळी तोंडात घास तसाच धरून बसले. बाकी सगळे साडेनऊला उठलेले, आंघोळी व्हायच्या होत्या, जेवून निघायचं होतं, आणि नारळ राहिला तो माझ्यामुळे! कुणी काही बोलेना. नवरा चटणी वाढून घेत होता. मग सासूबाई म्हणाल्या, "नारळ शनिवारीच राहिला. ट्रॅक्टरपाशी." एवढंच. आणि परत खायला लागल्या.

सासूबाईंबद्दल मी इथं कधी फारसं लिहिलेलं नाही. आमचं सगळं गोड आहे असंही नाही, स्वयंपाकघरात आमची मतं जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत. पण त्या पहाटे मी पडवीत शूज बांधत होते तेव्हा त्या जाग्या होत्या. "दहिवर पडलंय, कानाला बांध," म्हणाल्या आणि स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून दिला. कुठे, किती, कशाला, काही विचारलं नाही. तो रुमाल मी मुरुडपर्यंत कानाला बांधला होता, मग गरम व्हायला लागलं तसा मनगटाला गुंडाळला. फोटोत दिसतोय बघा, निळ्या काठाचा. त्या फोटोवर ज्यांनी अंगठे दिले त्यांना तो कुणाचा आहे हे ओळखता आलेलं नाही.

आणि होमस्टेच्या काकू. मी परत आले तेव्हा अंगणात घाम निथळत उभी, आणि त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. कोकमाचं सरबत, त्यात सढळ हातानं मीठ, थोडं जिरं. मी मागितलं नव्हतं. "वाटेत पाणी मिळालं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकवीस किलोमीटर पळून आलेल्या माणसाला विचारायचा खरा प्रश्न तोच. माझ्या पट्ट्यातलं पाणी पाळंद्यालाच संपलं होतं आणि हर्णैहून येताना एका टपरीवाल्यानं दुकान उघडता उघडता बाटली दिली होती. त्यांना ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. कुठल्या वळणावर चढ लागतो, कुठे कुत्री असतात, हे त्यांना पाठ होतं, कारण लग्न होऊन आल्यापासून हर्णैला मासळी आणायला त्या त्याच रस्त्यानं चालत जायच्या. आम्ही दोघी चुलीपाशी बसून बोलत राहिलो, आतले बाकीचे उठेपर्यंत.

नवऱ्याशी मी आज बोलणार आहे. भांडायला नाही. तो वाईट माणूस नाही, रविवारी पुण्यात मी पळायला जाते तेव्हा लेकीचं सगळं तोच बघतो, हे लिहिलंच पाहिजे. पण घरी करतो ते चार लोकांत का जमत नाही, आणि तो अंगठा कशाला दिला, हे त्यानं मला सांगायला हवं. पेस्ट यापुढे तो भरणार. त्याची पिशवी, त्याचं लक्ष.

मे महिन्यात परत जायचं घाटतंय, या वेळी गुहागर-वेळणेश्वरकडे. शूज येणारच. मेमध्ये त्या हवेत एकवीस जमणार नाही, ते करायलाही नको, दहा-बारा पुरे, तेही सातच्या आत परत. त्या बाजूला कुणी पळालं असेल तर रस्त्याचं सांगा : गुहागरहून वेळणेश्वरकडे चढ किती आहेत, पहाटे पाणी कुठे मिळतं, आणि काळोखात कुठला पट्टा टाळायचा. बायकांनी आवर्जून लिहा.