हार्मोन बंद, तरी रिसेप्टर चालू: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन औषधाने तळाला नेलं तरी काही काळाने पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) चढतो, आजार पसरतो. याचा अर्थ गाठीचं हार्मोनशी नातं संपलं. मग ‘अँड्रोजन रिसेप्टर, म्हणजे पेशीत या हार्मोनचा संदेश पकडणारं प्रथिन, अजून कामात आहे’ हे माझं विधान टिकत नाही, हार्मोन रोखणारी इंजेक्शनं पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही, आणि पेशीतल्या संदेशमार्गांचा गुंता सांगून मी नातेवाइकांना उगाच गोंधळात टाकतोय.

पीएसएपासूनच बघू. पीएसएचं जनुक चालू करणारा मुख्य घटक अँड्रोजन रिसेप्टरच आहे. त्यामुळे इंजेक्शनं चालू असताना पीएसए चढला, तर बहुतेक वेळा रिसेप्टर पुन्हा कामाला लागलेला असतो. तुमचा पुरावा माझ्याच बाजूने बोलतो.

हार्मोन नसताना तो चालतो कसा? काही गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, मग थेंबभर हार्मोनही पुरतं. काही गाठी अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल) ग्रंथीतून आलेल्या कच्च्या मालापासून स्वतःच हार्मोन बनवतात. काहींत रिसेप्टरचं एआर-व्ही७ हे अपुरं रूप तयार होतं. त्याला हार्मोन धरायची जागाच नसते, तरी ते पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. आणि कधी त्या जागेतलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि फ्लुटामाइडसारखं रोखणारं औषधच रिसेप्टरला चालना देऊ लागतं. अशा काही रुग्णांत औषध थांबवल्यावर पीएसए उतरतो!

नातं खरंच संपलं असतं, तर अॅबिराटेरोन या औषधाचा उपयोग झाला नसता. ते वृषणांबरोबर अधिवृक्क ग्रंथी आणि गाठीतलीही हार्मोननिर्मिती रोखतं. इंजेक्शनांना न जुमानणारा आजार आणि केमोथेरपीही होऊन गेलेली, अशा रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेला.

आता त्या ‘गुंत्या’बद्दल. तो मला टाळता येत नाही, कारण उपचार तिथेच अडतो. रिसेप्टर एफकेबीपी५ नावाचं प्रथिन बनवून घेतो. ते पीएचएलपीपी या फॉस्फटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या प्रथिनाला) टिकवून धरतं, आणि ते फॉस्फटेज एकेटी या, पेशीला वाढायला लावणाऱ्या किनेज प्रथिनावरचा फॉस्फेट काढून त्याला शांत ठेवतं. औषधाने रिसेप्टर दाबला की एफकेबीपी५ घटतं, पीएचएलपीपी टिकत नाही आणि एकेटी मोकाट सुटतो. ज्या गाठींनी पीटेन हे जनुक आधीच गमावलंय, त्यांत एकेटीवरचा मोठा लगाम गेलेलाच असतो. उलट बाजूने पीआय३के-एकेटीचा मार्ग (पीआय३के हे एकेटीला चालू करणारं प्रथिन) रोखला, तर हर३ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन वाढतं आणि रिसेप्टर जोर धरतो. हे परस्परांना दाबून धरणं २०११ मध्ये दाखवलं गेलं. पीटेन नसलेल्या उंदरांत दोन्ही मार्ग एकदम रोखल्यावर गाठी ठळकपणे आकसल्या. माणसांत तेवढं सोपं नाही: एकेटी इन्सुलिनच्या मार्गातही असल्याने रक्तातली साखर चढते, शिवाय जुलाब आणि पुरळ. म्हणून गाठीत पीटेन आहे का, हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो.

तुमचं म्हणणं जिथे लागू पडतं, अशा गाठीही आहेत. टीपी५३ आणि आरबी१ ही वाढीला लगाम घालणारी दोन्ही जनुकं गमावलेल्या काही पेशी आपली ओळखच बदलतात, चेतापेशींसारखी लक्षणं घेतात आणि रिसेप्टर खरोखर सोडून देतात. पण तिथे पीएसए बहुधा चढत नाही. तो खाली राहतो आणि स्कॅनमध्ये यकृतात नव्या गाठी दिसतात. असं दिसलं तर पुन्हा बायोप्सीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

इंजेक्शनं मात्र केवळ पीएसए चढला म्हणून स्वतःहून थांबवू नका. अॅबिराटेरोनसारखी गोळी सुरू झाली तरी इंजेक्शनं सहसा सोबत चालूच ठेवतात. वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन परत आलं, तर अजून कामात असलेल्या रिसेप्टरला आपणच खाद्य पुरवू.