तबला दिसला की फ्यूजन?

परवा भाच्याला पेनड्राइव्हवर गाणी भरून देत होते. सोळा वर्षांचा आहे, वर्षभर ड्रम शिकतोय. 'इंडियन ओशन'चे चार अल्बम टाकले आणि फोल्डरला नाव द्यायची वेळ आली. तो शेजारून म्हणाला, "मावशी, फ्यूजन लिही ना, सगळीकडे तेच लिहिलेलं असतं." मी ते लिहिलं नाही. का नाही, ते त्याला तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबेल.

फ्यूजन म्हणजे दोन वेगळ्या परंपरांचं संगीत जोडून केलेलं मिश्रण. माझं म्हणणं असं की इंडियन ओशन हा रॉक बँड आहे. अवघड आहे, कुठल्या साच्यात नीट बसत नाही, हे सगळं मान्य. तरी रॉक बँडच.

त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला. कुणाकडे तरी एक गाणं ऐकलं आणि कॅसेट शोधत पुण्यातल्या एका दुकानात गेले. रॉकच्या कप्प्यात पंधरा मिनिटं शोधली, एकेक कॅसेट बोटाने पुढे सारत. सापडली ती दाराजवळच्या फ्यूजनच्या छोट्या कप्प्यात, सतारीवर संथ सिंथेसायझर चढवलेल्या, ध्यानाला बसताना लावायच्या कॅसेटींच्या मधोमध. ही इथे का, असं विचारल्यावर दुकानदार सहज म्हणाले, "तबला आहे ना त्यात." त्या माणसाचा काही दोष नव्हता. वर्तमानपत्रंही तेच लिहीत होती आणि आज गाण्यांची ॲप्सही तेच लिहितात. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून इतक्या वर्षांत गेलेलं नाही.

संगीताला नावं नकोतच, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. नावं लागतात. आता आपलीच बघा. अभंग हे छंदावरून आलेलं नाव, नाट्यसंगीत हे गाणं कुठे गायलं जातं त्यावरून, भावगीत हे त्यातल्या भावनेवरून आणि सुगम संगीत हा आकाशवाणीने रुळवलेला शब्द. एका मापाचं काही नाही, तरी काम चालतं. कारण नाव ऐकलं की कान तयार होतो. अभंग म्हटलं की आपण आपसूक शब्दांकडे वळतो, नाट्यपद म्हटलं की तानेची वाट बघतो. नावाकडून एवढंच हवं, त्याने कान योग्य बाजूला वळवावा.

फ्यूजन हे नाव इथे कान चुकीच्या बाजूला वळवतं. तो शब्द ऐकला की आपण शिवण शोधायला लागतो. हे आपलं, ते त्यांचं, इथे जोडलंय, इथे जोड दिसतोय. आणि जोड शोधण्याच्या नादात चार माणसं मिळून प्रत्यक्षात काय करतायत, ते हातातून निसटतं.

सुश्मित सेनची गिटार, असीम चक्रवर्तीचा तबला आणि आवाज, राहुल रामची बेस गिटार, अमित किलमचे ड्रम. १९९० साली दिल्लीत सुरू झालेला हा बँड. राहुल आणि अमित नंतर आले आणि १९९४ पासून पुढे दीड दशक हीच चौकडी राहिली. करोल बागेतल्या एका जुन्या घरात तासन् तास वाजवत बसायचे आणि त्यातून गाणी उभी राहायची. त्या घराचा पत्ता, १६/३३० खजूर रोड, हेच पुढे एका अल्बमचं नाव झालं. कुणीतरी चाल लिहून आणली आणि बाकीच्यांनी साथ केली, अशी ती रीत नव्हती. चौघे एका खोलीत, एकमेकांना ढकलत, अडवत, वाट देत. याला जगभर बँड म्हणतात.

त्यांना मी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं ते एका कॉलेजच्या मैदानावर. असीम मांडी घालून बसलेला, तोंडासमोर माइक, दोन्ही हात तबल्यावर आणि गळ्यातून तार सप्तकातली हाक. गाता गाता वाजवणं म्हणजे काय, हे ज्याने तबल्यावर साधा केरवा धरून एखादी ओळ गुणगुणून बघितलीय त्याला विचारा. मागे अमितने ड्रमच्या काड्या ठेवल्या, गुबगुबी हे तारेचं लोकवाद्य काखेत धरलं, डाव्या हाताने तार ताणत उजव्या हाताने छेडायला लागला. बेस छातीत वाजत होता. माझ्या पुढची मुलं उभी राहून अख्खं गाणं घसा फाडून म्हणत होती. त्या मैदानावर कुणालाही शिवण दिसत नव्हती.

'कंदिसा' हे शीर्षकाचं गाणंच घ्या. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली जुनी प्रार्थना. कंदिसा म्हणजे पवित्र. पश्चिम आशियातली भाषा, शतकानुशतकं केरळच्या चर्चमध्ये टिकलेली, आणि आता दिल्लीच्या बँडच्या गळ्यात. फ्यूजनच्या हिशेबात ही प्रार्थना कुठल्या रकान्यात टाकायची? पूर्वेच्या की पश्चिमेच्या?

त्याच अल्बममध्ये 'मा रेवा' आहे. राहुल राम अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करून परतला आणि नर्मदा बचाओ आंदोलनात काम करायला लागला. हे गाणं त्या खोऱ्यातलं, लोकांच्या तोंडचं. हेच ते खोरं, जिथे सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या गावांपैकी अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सगळ्यात आधी गेलं. नदीकाठच्या माणसांकडून ऐकलेलं गाणं त्याने बेस गिटारवर आणलं, त्याला मिश्रण कसं म्हणणार? त्याच्या आयुष्यात बेस गिटारही होती आणि नर्मदाही होती. 'हिल्ले ले' तर गोरख पांडेंच्या भोजपुरी शब्दांचं आंदोलनातलं गाणं, तेही याच अल्बममध्ये.

मला खरी खटकते ती या शब्दाच्या पोटातली समजूत. ड्रम आणि गिटार हे मूळ संगीत, तबला म्हणजे वरून घातलेली फोडणी. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांत वाढलेल्यांच्या घरात रेडिओवर कबीर होता, मोठ्या भावाच्या वॉकमनमध्ये रॉक होतं, गल्लीत गणपतीचा ताशा होता. हे सगळंच आमच्या घरचं होतं. घरातल्या दोन माणसांची ओळख कुणी पाहुण्यांसारखी करून देतं का?

बीटल्सनी १९६५ मध्ये सतार वाजवली, त्यांना कुणी फ्यूजन बँड म्हटलं नाही. सँटाना हा बँड १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात काँगा आणि टिंबाली ही लॅटिन तालवाद्यं घेऊन उभा राहिला, लोक लॅटिन रॉक म्हणाले, पण रॉक हा शब्द काढून घेतला नाही. आपल्याकडे मात्र तबला दिसला की तो शब्द हिसकावला जातो, आणि हिसकावणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

फ्यूजन हा शब्द वाईट आहे असं मुळीच नाही. 'शक्ती' हा बँड बघा. सत्तरच्या दशकात गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिन, तबल्यावर झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम एकत्र बसले. चौघेही आपापली परंपरा घेऊन आले होते आणि त्या समोरासमोर येण्यातच ऐकण्याची मजा होती. तिथे हा शब्द शोभून दिसतो. इंडियन ओशनच्या २०१४ च्या 'तंदानू' या अल्बमलाही मी तो देईन, कारण तिथे शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन असे पाहुणे खरोखरच आपापलं घेऊन आले होते.

चुकीचं नाव कुठवर नेतं, याचा एक नमुना रॉकवाल्यांना तोंडपाठ असेल. १९८९ साली ग्रॅमीत हार्ड रॉक आणि मेटल असा एकच नवा विभाग निघाला आणि मेटालिका या मेटल बँडला मागे टाकून तो पुरस्कार बासरीवाल्या जेथ्रो टलला मिळाला. पुढच्याच वर्षी विभागाचे दोन तुकडे करावे लागले. जेथ्रो टल चांगलाच बँड आहे, पण त्या दिवशी दोघांवरही अन्याय झाला.

आता आक्षेप. एक मित्र म्हणतो, यांची मूळ गिटार अकूस्टिक धाटणीची, डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज नाही, मग रॉक कसला? त्याने 'ब्लॅक फ्रायडे'मधलं 'बंदे' पुन्हा ऐकावं. मुंबईतल्या १२ मार्च १९९३ च्या स्फोटांवरचा सिनेमा, पियूष मिश्रांचे शब्द. मुंबईत राहणाऱ्या माझ्या मावशीला इंग्रजी रॉकमधलं काही माहीत नाही, पण ते गाणं लागलं तेव्हा ती म्हणाली, "हा माणूस रडत नाहीये, जाब विचारतोय." रॉकची मला माहीत असलेली सगळ्यात नेमकी ओळख हीच आहे. डिस्टॉर्शन हे एक साधन झालं.

आणि आई. इंडियन ओशनचं 'झिनी' हे कबीराचं गाणं लावलं होतं, ती मेथी निवडत बसली होती. कबीर ऐकून तिचा हात थांबला. आमच्या घरी कबीर म्हणजे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. गाणं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "कुमारांनाही विचारायचे, तुमचं घराणं कुठलं." आणि पुन्हा मेथी घेतली.

२००९ च्या डिसेंबरात असीम गेला. २०१३ मध्ये सुश्मितने बँड सोडला. गळा बदलला, गिटार बदलली, आवाजाचा सगळा पोतच बदलला. 'मसान' सिनेमातली त्यांची गाणी 'कंदिसा'च्या शेजारी ठेवून ऐका, दोन वेगळी घरं वाटतील. वरची चिठ्ठी मात्र तीच राहिली. तबला होता ना अजून.

भाच्याच्या फोल्डरवर मी 'रॉक' लिहिलं. रात्री त्याचा मेसेज आला: "'खजुराहो' गाण्यात ड्रम आणि तबला एकमेकांच्या मधल्या जागा कशा भरतात ते मला वाजवून बघायचंय. रविवारी येऊ का?"