सांगलीतल्या कर्नाळ रोडच्या घराच्या विम्याबाबत मिळालेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला एजंटाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी अशा: पूरपट्ट्यातलं घर म्हटल्यावर आम्ही टाळाटाळ केली, २०१९ च्या पुराबद्दल खोदून खोदून विचारलं, ८० लाखांचं घर २५ लाखांत बसवलं आणि पाणी वाढल्यावर हात वर केले. बँकेने हीच पॉलिसी दोन मिनिटांत दिली असती, असंही तुम्ही लिहिलंय. तुमची कागदपत्रं इथे उघड करणार नाही. मुद्दे मात्र नदीकाठच्या सगळ्यांच्याच कामाचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेवटची तक्रार. अर्ज तुमच्याकडे मे महिन्यात दिला होता. तो सही होऊन परत आला तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फुटांवर होतं. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं, तसं ते विमा कंपनीलाही माहीत असतं. त्या आठवड्यात कंपनीने नदीकाठचे नवे प्रस्ताव थांबवले होते. एजंटाच्या हातात चेक दिला की विमा सुरू झाला, असं होत नाही. कंपनीने जोखीम स्वीकारावी लागते आणि त्याआधी प्रीमियम तिच्याकडे जमा व्हावा लागतो. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी त्यासाठीच आहे. त्या दिवशी तुमचा चेक ठेवून घेतला असता तर तुम्ही निर्धास्त झाला असता आणि विमा मात्र कुठेच नसता. असला धंदा मला करायचा नाही.

आता २०१९. तेव्हा आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे कर्नाळ रोडच्या घरात काय झालं असेल ते विचारल्याशिवाय कुठलाही शहाणा माणूस अर्ज भरणार नाही. तुमच्या हॉलमध्ये स्विचबोर्डच्या वीतभर वर पाण्याची रेघ आहे, डिस्टेंपर मारल्यावरही उठून दिसते. तिचा फोटो आम्ही मुद्दाम मागितला. अर्जात पूर्वीच्या नुकसानीचा रकाना असतो, तिथे ‘नाही’ लिहिलं की फाईल पटकन सरकते हे मलाही ठाऊक आहे. पण क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला सर्व्हेअर येतो, त्यालाही डोळे असतात. माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारला गेला तर तुम्ही दोष कोणाला दिला असता?

८० लाख आणि २५ लाखांचं कोडं सोपं आहे. ८० लाखांत प्लॉटची किंमत धरलेली आहे. पूर ओसरल्यावर जमीन जागेवरच असते, तिचा विमा निघत नाही. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत विम्याची रक्कम म्हणजे कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आजचा बांधकाम खर्च. ११०० चौरस फूट आणि २३०० रुपये दर धरला तर २५ लाख ३० हजार होतात. कंपाउंड वॉल, सेप्टिक टँक यांचा खर्च त्यात वेगळा धरता येतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के कव्हर आपोआप मिळतं, कमाल १० लाख. वरच्या हिशेबाने ते ५ लाख ६ हजार. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी द्यायची. म्हणून फ्रिजच्या मागच्या स्टिकरचे फोटो मागितले होते, तुम्हाला तो छळ वाटला. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, रोकड कशातच बसत नाही.

पूरपट्ट्याला पूर वगळूनच विमा मिळतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. आगीच्या जुन्या पॉलिसीत पूर-वादळाचा भाग काढून प्रीमियम कमी करता यायचा, ती सवय लोकांच्या डोक्यात राहिली आहे. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर मूळ कव्हरमध्येच आहे. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं पर्यायी घराचं भाडंही आहे, आणि विमा रक्कम कमी ठरली म्हणून क्लेममध्ये प्रमाणात कपात होत नाही.

बँकेचं म्हणाल तर एवढंच करा. गृहकर्जासोबत आलेला कागद काढा आणि विमा कशाचा आहे ते पहिल्या पानावर वाचा. २०१९ नंतर आमच्याकडे असे कितीतरी कागद आले. त्यांतले बरेचसे कर्जदाराच्या आयुष्याचे होते. माणूस गेला तर कर्ज फिटेल, भिंत पडली तर एक रुपया नाही. काही इमारतीचे होते, पण रक्कम कर्जाएवढी आणि सामान शून्य. दोन मिनिटांत मिळणारी पॉलिसी बहुतेक अशी असते.

फेऱ्यांचा वैताग मी समजू शकतो. कार्पेट एरियाचा पुरावा अजून आलेला नाही, बाकी फाईल तयार आहे. मंजूर नकाशाची झेरॉक्स घेऊन या. पाणी उतरलं आहे आणि कंपनीने प्रस्ताव पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे. आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही, दुसरीकडे घेतलीत तरी ती रेघ अर्जात लिहा.