करवत स्वस्तातली चालेल, चॅप्स नाही

मंडळी, आज जरा लांब लिहिते आहे. विषय चेनसॉचा, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा. आम्ही राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या गिप्सलँड भागात हिवाळ्यात बरीच घरं लाकडाच्या शेगडीवर तापतात. त्यामुळे सरपण, करवत आणि शेड हे इथले रोजच्या बोलण्यातले विषय. आणि शेड म्हटली की कुणाचं हत्यार कुठल्या देशातून आलंय यावरची मस्करी आलीच. ही मस्करी मला फार आवडते. पण तिच्या ओघात एक गोष्ट, करवत चालवताना पायांवर बांधायच्या संरक्षक चॅप्सची, हसण्यावारी नेली जाते, ती तशी जायला नको असं मला कळकळीनं वाटतं.

आधी शेडबद्दल. पत्र्याची, मोठ्या दाराची, भिंतीवर पान्हे टांगलेली ही खोली म्हणजे नुसती अडगळ नव्हे. ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची एक चळवळच आहे. साउथ ऑस्ट्रेलियातल्या गूलवात 1993 मध्ये आणि व्हिक्टोरियातल्या टोंगालात 1998 मध्ये अशा सुरुवातीच्या शेड उघडल्या, 2007 मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली आणि आज देशभरात हजाराहून जास्त शेड आहेत. निवृत्त, एकटी पडलेली माणसं तिथे येतात, काहीतरी दुरुस्त करत बसतात. समोरासमोर बसवलं तर ही माणसं गप्प राहतात, खांद्याला खांदा लावून काम करताना मात्र बोलतात, हे या चळवळीचं मूळ सूत्र. आमच्या शेजारच्या आजोबांची शेड खासगी आहे, पण शनिवारी सकाळी तिथे नेमकं हेच घडतं. मीही जाते. माझे बाबा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत टर्नर होते, त्यामुळे लोखंडाचा आणि ऑइलचा वास मला घरचाच वाटतो.

तिथे करवतीच्या कंपन्यांवरून दोन मोठे पक्ष आहेत. नारिंगी-पांढऱ्या श्टिलचा आणि पूर्ण नारिंगी हस्क्वार्नाचा. श्टिलवाले सांगणार, आमची कंपनी 1926 ची, श्टुटगार्टची. हस्क्वार्नावाले लगेच म्हणणार, आमची 1689 ची, स्वीडनच्या राजासाठी बंदुका बनवत होती. त्यावर श्टिलवाले विचारतात, “आणि पहिली चेनसॉ कधी केली? 1959 ला! एवढी वर्षं काय बंदुकीनं झाडं पाडत होतात?” तेवढ्यात कोपऱ्यातले निळ्या मकिताचे मालक घसा खाकरतात. मकितानं 1991 मध्ये जर्मनीची डोलमार विकत घेतली आणि डोलमारनं 1927 मध्येच पेट्रोलवर चालणारी चेनसॉ थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर चालवून दाखवली होती. “तेव्हा वयानं मोठा कोण, ते ठरवून घ्या,” असं म्हणून ते चहाचा कप उचलतात. इथे चहाच्या सुट्टीला ‘स्मोको’ म्हणतात, आणि हा वाद स्मोको संपला तरी संपत नाही.

सगळ्यात जास्त बोलणी बसतात ती स्वस्तातली चिनी करवत आणणाऱ्याला. “यात पेट्रोल घालायचं की नुसती प्रार्थना करायची?” “दोरी ओढायला शेजाऱ्यांना बोलवायचं का?” मागे एकानं ओझिटो या स्वस्त ब्रँडचं लाल मशीन आणलं तेव्हा सगळे तुटून पडले होते. त्यानं शांतपणे सांगितलं, “ओझिटो 2013 पासून जर्मनीच्या आइनहेलच्या मालकीची आहे. म्हणजे मीही जर्मनच झालो की!” शेडभर हशा पिकला आणि त्याच क्षणी त्याला बाकावर जागा मिळाली. नव्या माणसाला आत घेण्याची ही रीत आहे. ज्याला कुणी चिडवत नाही, तो अजून पाहुणा.

यातली खरी गंमत मला दिसते ती वेगळीच. ज्या मशीनला आपण जर्मन म्हणतो, त्याचं जर्मनपण शोधायला गेलं तर जगाचा नकाशा उघडावा लागतो. श्टिलच्या चेन स्वित्झर्लंडमध्ये होतात, सिलिंडर ब्राझीलमधल्या कारखान्यात, मॅग्नेशियमचे ओतीव भाग जर्मनीत, आणि पूर्ण मशीनं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचला आणि चीनमधल्या चिंगदाओलाही तयार होतात. हिरवी रायोबी आणि लाल मिलवॉकी भिंतीवर शेजारी टांगलेली असतात, दोघींच्या चाहत्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि विजेवर चालणारी ही दोन्ही हत्यारं येतात हाँगकाँगच्या एकाच टीटीआय कंपनीकडून. ऑस्ट्रेलियाला स्वतःच्या हत्यारांचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी 1952 मध्ये सिडनीच्या काँकर्ड भागात आपल्या गॅरेजमध्ये व्हिक्टाचं पहिलं गवत कापायचं यंत्र बनवलं, पेट्रोलच्या टाकीच्या जागी पीचच्या फळांचा रिकामा डबा लावून. सिडक्रोमचे पान्हे एकेकाळी मेलबर्नमध्ये घडायचे. जुने सिडक्रोम पान्हे आजोबा कुणाला हातही लावू देत नाहीत, आणि मला ते पटतं.

माझ्या पेटीत नाशिकची टपारियाची पक्कड आहे. पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा अर्थातच “ही कुठल्या ग्रहावरची?” असं झालं. मी सांगितलं, सातपूरची. या कंपनीनं 1969 मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. स्वीडनचं नाव ऐकताच हस्क्वार्नावाल्यांनी मला त्यांच्या पक्षात ओढलं. भारतातून हत्यारं आणणाऱ्यांसाठी एक सांगते. कोयता, खुरपं असं काही आणत असाल तर माती अगदी कणभरही राहू देऊ नका आणि लाकडी मूठ असेल तर विमानतळावर कार्डावर नमूद करा. इथले जैवसुरक्षा अधिकारी याबाबतीत कडक आहेत, आणि या देशातली जंगलं बघितली की तो कडकपणा योग्यच वाटतो.

आता मुद्द्यावर येते. करवत चिनी आहे की जर्मन, यावरून लाकूड कापायचं ठरत नाही. ते ठरतं चेनच्या धारेवर. आपल्याकडचं सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतं. इथला रेड गम 900 च्या आसपास, आणि ग्रे आयर्नबार्क 1100 च्या पुढे, म्हणजे पाण्यात टाकला तर बुडणारा. त्यात सालीत अडकलेली माती. अशा लाकडासमोर बोथट चेन लावली तर महागातलं मशीनही नुसतं ओरडतं. कापताना मोठ्या ढलप्या उडाल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर थांबा आणि कानस हातात घ्या. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं इंचातलं अंतर. पूर्ण आकाराच्या तीन-अष्टमांश पिचच्या चेनला सहसा 5.5 मिलिमीटरची गोल कानस, .325 पिचला 4.8 ची. चुकीच्या जाडीची कानस दाताचा आकारच बिघडवते. आणि या दातांचा इतिहास तर कुठल्याच पक्षाच्या बाजूचा नाही. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी निरखली, तिचे जबडे डावी-उजवीकडे कसे चालतात ते पाहिलं आणि त्यावरून चेनचा नवा दात बनवला. पुढच्याच वर्षी त्यानं पोर्टलंडला धंदा सुरू केला. आज शेडमधल्या प्रत्येक करवतीचा दात, तो कुठल्याही देशात बनलेला असो, त्याच कल्पनेतून आलेला आहे.

म्हणून कुणी विचारलं की घरच्या शेगडीपुरतं लाकूड कापायला स्वस्त करवत घेऊ का, तर मी म्हणते, घ्या. फक्त जवळपास सुटे भाग मिळतात का आणि दुरुस्त करणारं कुणी आहे का ते बघून घ्या. पेटंटची मुदत संपलेल्या जुन्या मॉडेलच्या नकलाही मिळतात, त्यांना मूळ मशीनचे बरेच भाग बसतात, आणि दुरुस्तीची आवड असलेल्या माणसाला त्यात आनंद आहे. त्याबद्दल कुणी चिडवलं तर चिडवू द्या.

पण मांड्यांवर बांधायच्या संरक्षक चॅप्स? तिथे स्वस्ताई नको. चेन सेकंदाला साधारण 20 मीटर धावते. चॅप्सच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की हे धागे बाहेर ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन जागच्या जागी अडते. हे सगळं पापणी लवायच्या आत घडावं लागतं. ते घडेल याची खात्री नारिंगी रंग देत नाही, ती चाचणी देते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं त्यासाठीचं मानक आहे एएस/एनझेडएस 4453.3. ऑनलाइन तीस-चाळीस डॉलरला मिळणाऱ्या, दिसायला अगदी तशाच चॅप्सवर हे लेबल आहे का, ते बघा. नसेल तर ते नुसतं जाड कापडही असू शकतं. चांगल्या चॅप्स दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात जातात, म्हणजे कधी कधी स्वस्त करवतीइतक्याच. तरीही आधी चॅप्स घ्या, मग करवत. आणि एकदा चेन लागून फाटलेल्या चॅप्स शिवून वापरू नका. धाग्यांमधून शिलाई गेली की ते ओढलेच जात नाहीत. फेकून द्या.

शेडमध्ये मला खटकतं ते इथेच. स्वस्त करवतीवर तासभर विनोद होतात, पण चॅप्स न घालता आलेल्या माणसाला “आज हाफ चड्डीवर का रे?” एवढं म्हणून सोडून देतात. मी आता तिथे स्पष्ट बोलते. मला मस्करी कमी व्हायला नको आहे. तिचा नेम बदलायला हवा आहे. चिनी मशीन आणणाऱ्यापेक्षा उघड्या पायांनी करवत चालवणाऱ्याला जास्त चिडवा, इतकं चिडवा की तो घरी जाऊन चॅप्स घालून येईल. आजोबांना हे पटलंय. त्यांनी दाराजवळच्या खुंटीवर लेबलवाल्या जादा चॅप्स टांगल्या आहेत आणि चॅप्स नसलेल्याच्या हातात ते न बोलता त्या देतात.

13 फेब्रुवारी 2024 च्या वादळात आमच्या भागात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. मर्बू नॉर्थचं तर फारच नुकसान झालं. राज्यात 5 लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली, रस्त्यांवर झाडं आडवी झाली. त्या दिवसांत प्रत्येक शेडमधली करवत रस्त्यावर आली होती, आणि अशी पडलेली झाडं कापणं हे सरपण कापण्याहून कितीतरी धोक्याचं. खोड ताणाखाली असतं, काप अर्ध्यावर गेला की फटकन उसळतं, बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, अडकतो, करवत मागे उसळते. दमलेला माणूस, घाई, कडेला उभी असलेली मुलं. अशा वेळी मशीनचा देश कुणाला आठवत नाही. आठवतं ते एकच, कुणाच्या चेनचं पिच आणि ड्राइव्ह लिंकचा (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांचा) आकडा आपल्या बारशी जुळतो, म्हणजे धार गेली की त्याची चेन मागता येईल. आपला आकडा बारवरच कोरलेला असतो, तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

बॅटरीवरच्या करवतींबद्दलही थोडं. त्या आता छान मिळतात, आवाज कमी, धूर नाही, छोट्या फांद्यांना उत्तम. पण त्यांना खेळणं समजू नका. विजेच्या मोटरचा जोर इंजिनपेक्षा वेगळा असतो, धागे गुंतले तरी ती तशी झटकन दबत नाही. त्यामुळे पेट्रोलच्या करवतीसाठी तपासलेल्या चॅप्स इथे तितक्याच चालतील असं धरून चालू नका. दोन्ही हात मुठीवर, बारचं टोक लाकडाला टेकू न देणं, आणि खांद्याच्या वर करवत न उचलणं, हे तिथे आणखी काटेकोर पाळायचं.

व्हिक्टोरियात सरकारी जंगलातून घरगुती सरपण आणायचा शरद ऋतूतला हंगाम 1 मार्च ते 30 जून असतो, वसंतातला 1 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर. माणशी दिवसाला 2 घनमीटर, आणि घरामागे आर्थिक वर्षात 16. मेलबर्नकडची बरीच मराठी मंडळी अलीकडे एकर-दोन एकर घेऊन या बाजूला आली आहेत आणि पहिली करवत कुठली घ्यावी असं विचारतात. करवतीचं नंतर बोलू. ज्या चॅप्स घ्यायच्या आहेत त्यांच्या लेबलचा फोटो आधी कमेंटमध्ये टाका, शनिवारी शेडमध्ये दाखवून विचारते.